उन्हाकडे धरलेला दगड

मी एक अकीक. होतो चाळीस किलोचा, राखाडी, ओबडधोबड गोटा. आता अकरा पातळ काप होऊन एका चॅपेलच्या खिडकीत बसलोय. दगडानं बोलू नये म्हणतात. कोट्यवधी वर्षं मीही बोललो नाही. पण एका बाईनं मला बोलतं केलं, आणि तीही माझी पक्की वैरीण होती. म्हणून ही हकीकत सांगायची.

माझा जन्म अंधारातला. झाकुई नदीच्या काठची ही सगळी जमीन एके काळी वितळून रटरटत होती. ती निवताना तिच्या पोटात बुडबुडे अडकले. त्यातल्या एका पोकळीत पाणी झिरपत राहिलं, आणि त्या पाण्यानं मला कांद्याच्या पापुद्र्यासारखा थरावर थर देत घडवलं. किती वर्षं, ते मोजायला तेव्हा कोणी नव्हतं. माझ्या पोटात वळ्या आहेत, पट्टे आहेत, मधोमध स्फटिकांची घळ आहे, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. अंधारात कोणाला आपला रंग कळतो? तुम्हालाही कळला नसता.

मग एके दिवशी यंत्राच्या पंजानं मला उकरून काढलं. खाणीतला एक माणूस माझ्यावर वाकला आणि पच्कन थुंकला. हा अपमान नव्हे. आमच्याकडे दगडाचा रंग असाच बघतात. थुंकी पुसून तो म्हणाला, "राखाडी," आणि मला ढिगात लोटलं.

सांता बार्बरा या वस्तीत अकीक म्हणजे काय ते सांगतो. अंगणात खडी असते ती अकिकाची. दाराला अटकाव लावतात तो अकिकाचा. कारखान्यांत आमचे काप काढून उकळत्या रंगात बुडवतात आणि भडक निळे, गुलाबी, जांभळे करून परदेशी धाडतात, तिथं ते पेल्याखाली ठेवायला नाहीतर सिगारेटची राख झाडायला वापरतात. राखाडी दगड तर रंगवण्यासाठीच जन्माला येतो, असं सगळे धरून चालत.

मला विकत घेतलं ओलिव्हियो दालान्योलनं. वस्तीतला सगळ्यात मोठा कारखाना त्याचा. चॅपेलच्या समितीचा प्रमुखही तोच, आणि जत्रेत सॉसेज भाजायच्या शेगडीजवळ सगळ्यात मोठ्यानं बोलणाराही तोच. त्यानं मला पायानं उलटंपालटं केलं.

"यात चीर दिसतेय. रंग नीट धरणार नाही. फेकून द्या."

"मी नेतो," मागून एक माणूस म्हणाला.

तो लिओनीर ब्रेसान. अडतीस वर्षं करवतीवर आणि घासायच्या चाकावर उभा राहिलेला कारागीर. उंच, किडकिडीत, भुवया कायम दगडाच्या पिठानं पांढऱ्या. त्यानं मला हातगाडीवर घालून घरी नेलं. मला वाटलं, आता कापणार. पण घरी गेल्यावर त्यानं मला मागच्या ओसरीत संत्र्याच्या झाडाजवळ ठेवलं, वर एक मेंढीचं कातडं टाकलं आणि माझ्यावर बसला. चार वर्षं मी त्याचं स्टूल होतो.

तक्रार नाही. सकाळी तो ‘माते’ नावाच्या पाल्याच्या काढ्यानं भरलेला पोकळ भोपळा हातात घेऊन माझ्यावर बसायचा, नळीनं तो कडू काढा ओढायचा, मग भोपळा बायकोच्या हातात द्यायचा. ती उभ्यानंच दोन घोट घ्यायची. तिचं नाव नेल्सी. ठेंगणी, भरल्या अंगाची, जिभेला धार. वस्तीत सगळे तिला मानानं दोना नेल्सी म्हणत आणि जरा लांबूनच म्हणत.

त्या ओसरीत मी माणसांचं बोलणं ऐकायला शिकलो. पहिली दोन वर्षं बोलणं कोंबड्यांचं, मक्याचं, मुलीच्या लग्नाचं. तिसऱ्या वर्षापासून बोलण्यात खोकला शिरला. आधी वाक्याच्या शेवटी यायचा, मग मधेच यायला लागला. चौथ्या हिवाळ्यात तर लिओनीरला ओसरीची पायरी चढून आल्यावर माझ्यावर टेकून बराच वेळ नुसतं बसावं लागे.

एक दिवस दोघं शहरातल्या दवाखान्यातून परत आली. नेल्सीनं पिशवीतून एक्स-रे काढला, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर लावला आणि हातानं दाबून धरला. ओसरीतून मला दिसत होतं. काळ्या फिल्मवर छातीचा पिंजरा, आणि त्यात जागोजाग पांढरे ठिपके, जसं कोणी मूठभर पीठ उधळलंय.

"हे बघ," ती म्हणाली. "माझ्या बापाचंही अस्संच होतं. हेच ठिपके. मी चौदा वर्षांची होते."

लिओनीरनं डोळे बारीक करून ठिपके पाहिले.

"तुझ्या छातीत दगड झालाय, म्हाताऱ्या. डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? यापुढे एक कण जरी आत गेला तर..."

"ऐकलं."

"मागच्या करवतीच्या शेडात पाऊल टाकलंस तर तिथंच झोपायचं. घरात घेणार नाही."

मग ती बाहेर आली. तिनं माझ्यावरचं मेंढीचं कातडं उचललं, झटकलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं माणूस घरात शिरलेल्या सापाकडे बघतो. "आणि हा कशाला अजून दारात?" म्हणाली. तिच्या बापाचा जीव घेतला ती धूळ माझ्याच जातीची. तिच्या नवऱ्याच्या छातीत बसली तीही. मी काय बोलणार? दगड होतो.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गारा पडल्या. लिंबाएवढ्या. मक्याची शेतं झोपली, कौलं फुटली आणि टेकडीवरच्या चॅपेलची पूर्वेकडची रंगीत काचांची खिडकी चक्काचूर झाली. वस्तीत हसावं की रडावं असं झालं. कारण सांता बार्बरा ही विजेपासून आणि गारांपासून वाचवणारी संत. नेल्सीची शेजारीण, म्हातारी एडविगेस, म्हणाली, "बिचारी सगळ्यांची कौलं वाचवायला गेली असेल, स्वतःची खिडकी लावायची विसरली."

खिडकीला प्लॅस्टिक ठोकलं. मिस्सेची प्रार्थना चालू असताना ते फडफडायचं आणि फादर एव्हाल्दोंना प्रवचनात दर दोन वाक्यांनी थांबावं लागायचं. शेवटी त्यांनीच झुसाराला निरोप धाडला.

झुसारा केटरमान याच वस्तीतली. शाळेच्या स्वयंपाकिणीची मुलगी. पोर्तो आलेग्रे शहरात जाऊन काचकाम शिकली आणि तिथंच खिडक्या बनवायची. चाळिशीची, केस मुलासारखे कापलेले, बोटांवर भाजल्याचे डाग. आल्या आल्या तिनं चॅपेल पाहिलं आणि थेट ओलिव्हियोच्या कारखान्यात गेली. तिथं तिला काय दाखवलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. निळे काप, गुलाबी काप. तिसऱ्या दिवशी ती आमच्या ओसरीत आली.

"सेउ लिओनीर," तिनं वडीलधाऱ्याला मारतात तशी हाक मारली, "मला राखाडी दगड हवाय. न रंगवलेला."

लिओनीर माझ्यावर बसला होता. "राखाडीचं काय करणार पोरी? थडगं बांधायचंय का?"

"वादळ बांधायचंय. खाली संतिणीला कोंडलं होतं तो बुरूज काचेचा करणार. वरचं आकाश मात्र दगडाचं हवंय. ज्या वादळानं खिडकी फोडली ना, तेच खिडकीत बसवणार. काप असा पातळ हवा की ऊन आरपार जाईल."

लिओनीर तिच्याकडे बघत राहिला. मग भोपळा खाली ठेवून उठला आणि माझ्यावरचं कातडं काढलं. किटलीतलं पाणी माझ्यावर ओतलं आणि बोटाच्या पेरानं ठोकून कान लावला. चार वर्षांत पहिल्यांदा कोणी माझं ऐकत होतं.

"चीर वरवरची आहे," तो हळूच म्हणाला. "ओलिव्हियोला कधीच कळलं नाही. आत हा अख्खा आहे."

"आत काय आहे ते मला नकोय," दारातून आवाज आला. नेल्सी उभी होती, हात पिठाचे. "झुसारा, तुझ्या आईची आणि माझी जुनी मैत्री, म्हणून मक्याची पोलेंता खाऊन जा. पण या घरात दगड कापायचा नाही. आणि चॅपेलात हा दगड? आठवडाभर ज्यानं माझ्या माणसाचा श्वास खाल्ला, त्याच्यासमोर रविवारी मी गुडघे टेकू?"

झुसारानं शेडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "दोना नेल्सी, सेउ लिओनीर करवतीला हात लावणार नाहीत. मी कापीन. ते फक्त सांगतील."

"सांगायलाही तो तिथं उभा राहणार नाही."

"लांबून सांगतील."

"लांबून म्हणजे किती?"

हा सौदा ऐकताना लिओनीरच्या मिशीखाली हसू होतं. नेल्सीनं झाडू आणला. शेडापासून दहा पावलं, संत्र्याच्या झाडापलीकडे, वाऱ्याच्या वरच्या अंगाला खुर्ची ठेवली आणि झाडूच्या दांड्यानं मातीत रेघ ओढली.

"ही रेघ ओलांडलीस म्हाताऱ्या, तर दगडाआधी तुझे काप करीन."

मग मला शेडात नेलं. तिथं जुनी मोठी करवत होती, पात्याच्या धारेवर हिऱ्याचे कण बसवलेली. मला चिमट्यात आवळलं, पेटीचं झाकण लावलं, वरून तेलाची धार सुटली. पातं माझ्यात शिरलं. दुखलं का? नाही. पण अंधाराला पहिल्यांदा दार झालं, एवढं कळलं.

बाहेरून लिओनीर ओरडत होता. तो नुसत्या आवाजावरून सांगत होता. "घाई करतेस! त्याला खाऊ दे, ढकलू नको!" "चिमटा सैल पडलाय, ऐक, किणकिणतोय!" झुसाराला काही किणकिणताना ऐकू येत नव्हतं. एवढ्यात पहिला काप तुटला. तीन तुकडे.

"किती जाडीचा ठेवलास?" खुर्चीवरून प्रश्न आला.

"तीन मिलिमीटर."

"चार ठेव. तीनचा मी करायचो. तुला अजून दहा वर्षं आहेत."

दुसरा काप निघायला पाऊण तास लागला. तो तेलानं माखला होता. झुसारानं त्याला कपड्यानं पुसलं, पण तिच्या हातांनाही तेल, काप सटकायला लागला. नेल्सी अंगणात धुणं धूत होती. अर्थात एक डोळा त्या रेघेवर ठेवून.

"दोना नेल्सी, जरा धराल का? माझ्या हातातून पडेल."

नेल्सीनं तोंड वाकडं केलं. पण पडणारी वस्तू बघून गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं मला घेतलं, धुण्याच्या साबणानं दोन्ही बाजूंनी चोळलं, नळाखाली धरलं. आणि मग तिनं जे केलं ते जगातली प्रत्येक बाई काचेचा पेला धुतल्यावर करते. साबण राहिला का ते बघायला तिनं मला उन्हाकडे धरलं.

काय सांगू तुम्हाला!

ऊन माझ्या अंगात शिरलं आणि थांबलंच नाही, पलीकडे निघून गेलं. इतकी वर्षं मी स्वतःला राखाडी समजत होतो. मी राखाडी नव्हतो. मी धुराचा होतो, मधाचा होतो, पावसाआधीच्या आभाळाचा होतो. माझ्या पोटात वळीत वळी, वळीत वळी, एकीसारखी दुसरी नाही. एक लाल रेघ होती, केसाएवढी, ती वळणावळणानं सगळ्या कापातून फिरत होती, जणू कोणी ती श्वास रोखून ओढली असावी. आणि मधल्या घळीतले स्फटिक पेटले होते. हे सगळं मी पाहिलं ते नेल्सीच्या चेहऱ्यावर. माझे पट्टे तिच्या गालांवर पडले होते, लाल रेघ तिच्या कपाळावरून गेली होती.

ती हलली नाही. नळ चालू राहिला. पाणी तिच्या चपलांवर सांडत होतं.

"हे आत होतं?" ती शेवटी म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता.

खुर्चीवरून लिओनीर म्हणाला, "असतंच."

"अडतीस वर्षं तुम्ही हे निळ्या रंगात बुडवत होतात?"

"मालक सांगेल ते."

मग ती हळू म्हणाली, "माझ्या बापानं पाहिलं असेल हे?"

"रोज पाहायचा. मी त्याच्याच हाताखाली शिकलो ना? काप निघाला की आधी उन्हाकडे धरायचा, मग घासायच्या चाकावर द्यायचा. सगळेच धरतात. नाहीतर एवढं खोकून कोण टिकलं असतं तिथं?"

"मग घरी का नाही सांगितलं कधी? ना त्यानं, ना तू?"

लिओनीरनं खांदे उडवले. "घरी पोचेपर्यंत बोलायला श्वास उरायचा नाही, नेल्सी."

तिनं नळ बंद केला. मला आपल्या पदरासारख्या मोठ्या ॲप्रनमध्ये गुंडाळलं आणि झुसाराकडे न देता स्वयंपाकघरात नेऊन टेबलावर ठेवलं, ब्रेडच्या टोपलीशेजारी. त्या दिवशी तिनं पोलेंता करपवली. लग्नाच्या एकतीस वर्षांत पहिल्यांदा, असं लिओनीर म्हणाला आणि शिव्या खाल्ल्या.

आठवडाभरात माझे अकरा चांगले काप निघाले. मी एकाचा अकरा झालो. आता 'मी' नेमका कुठल्या कापात, असं विचाराल तर खरंच सांगता येत नाही. वादळाला विचारा, तू कुठल्या ढगात म्हणून.

पुढच्या रविवारी मिस्सेनंतर चॅपेलशेजारच्या सभागृहात समितीची बैठक भरली. माझा एक काप झुसाराच्या पिशवीत होता. खिडकी दगडाची होणार हे कळल्यावर आधी हशा पिकला.

"आता देवापुढे राख झाडायची का?" ओलिव्हियो म्हणाला. "अहो फादर, मी रोज हजार ॲश-ट्रे परदेशी पाठवतो, तुम्हाला फुकट देतो की डझनभर!"

"माझ्या कोंबड्यांच्या खुराड्यात पण आहेत," एडविगेस म्हणाली. "त्यांना कळलं तर त्याही मिस्सेला येतील."

झुसारानं पिशवीतून माझा काप काढला. तिनं खिडकीचा पडदा बाजूला केला आणि काप धरला.

हशा असा विझला, जसा चुलीवर पाण्याचा हंडा कलंडावा. एडविगेसनं छातीवर क्रूसाची खूण केली. फादर खुर्चीवरून उठून उभे राहिले, का ते त्यांनाही कळलं नसावं. ज्यांच्या अंगणात माझ्या जातीची खडी पसरली होती, ती माणसं माझ्याकडे तोंड उघडं टाकून बघत होती. आणि मला सांगायला लाज नाही, मी त्यांच्याकडे तसाच बघत होतो. ऊन माझ्यातून जाऊन कोणाच्या हातावर, कोणाच्या टकलावर, कोणाच्या कडेवरच्या बाळावर पडत होतं. अंगावर प्रकाश पडला की माणूस इतका सुंदर दिसतो हे मला कुठं माहीत होतं?

सगळ्यांत आधी सावरला तो ओलिव्हियो. धंदेवाईक माणूस. "मग माझं म्हणणं असं की," तो घसा खाकरून म्हणाला, "ही खिडकी आमच्या कारखान्यातर्फे. शिसं, काच, मजुरी, सगळं माझं. खाली एक पितळी पाटी. दालान्योल कुटुंबाकडून सप्रेम. काय फादर?"

फादर कान खाजवायला लागले. तेवढ्यात मागच्या बाकावरून नेल्सी उठली.

"मला बोलायचंय."

"बोला, दोना नेल्सी."

"ओलिव्हियो, तुझ्या कारखान्यात घासायची चाकं किती?"

"सात. का?"

"पाणी किती चाकांना आहे?"

ओलिव्हियो हसला. "ही चॅपेलची बैठक आहे हो. इथं कशाला..."

"एकालाही नाही," नेल्सी म्हणाली. "पंखा एकालाही नाही. माझा बाप त्या चाकावर गेला, तुझ्या बापाच्या वेळी. माझा नवरा तुझ्या वेळी चाललाय. या दगडाला चॅपेलात येऊ देणार नाही, असं मी म्हणत होते. पण आत काय आहे ते बघितल्यावर तसं म्हणवत नाही. असू दे खिडकी. लाव तुझी पाटी, हवी तेवढी मोठी लाव. पण आधी सातही चाकांना पाणी आणि पंखा. धूळ बंद, मग दगड देवाजवळ."

"अगं बाई, त्याला वेळ लागतो..."

"खिडकीलाही लागतोच आहे."

ओलिव्हियोनं मदतीसाठी इकडे तिकडे पाहिलं. एडविगेस काठी टेकत उठली. तिचा मुलगाही चाकावर होता. ती नेल्सीशेजारी जाऊन उभी राहिली. मग आणखी एक बाई उठली, मग तिच्या मागची. फादर एव्हाल्दो कान खाजवायचे थांबले.

"मला वाटतं, ओलिव्हियो," ते म्हणाले, "ठराव मंजूर झाला."

झुसारानं शहरात जाऊन काम केलं. माझ्या कडांना शिशाच्या पट्ट्या आल्या, सांध्यांना कथलाचा डाख बसला, खाली लाल-पिवळ्या काचेचा बुरूज उभा राहिला. काच माझ्या शेजारी आली तेव्हा मला वाटलं होतं, ही नखरेल, आपल्याला तुच्छ मानणार. पण काचही शेवटी वाळूच, आणि वाळू म्हणजे आमचीच घरची. आमचं जमलं.

वर्षभरानं, नोव्हेंबरात, खिडकी पेटीत भरून वस्तीत आली. चार डिसेंबरला सांता बार्बराचा सण. तोवर ओलिव्हियोनं पाणी बसवलं होतं दोन चाकांना.

"सण झाला की बाकीची करतो," तो म्हणाला. "शब्द देतो."

"मग खिडकीही सण झाला की," नेल्सी म्हणाली. पेटी ठेवलेल्या खोलीची किल्ली तिच्याकडे होती, कारण चॅपेल झाडायचं काम तिचंच.

लोक कुरकुरले. पाहुणे येणार, बिशप येणार, आणि खिडकीला प्लॅस्टिक! पण लिओनीरची तब्येत झपाट्यानं उतरत होती, हे सगळ्यांना दिसत होतं, आणि त्यातच त्या बाईचं मोल लोकांना कळत होतं. थांबण्यात सगळ्यात जास्त तिचंच जाणार होतं.

सणाच्या आदल्या दिवशी ती लिओनीरला हात धरून त्या खोलीत घेऊन आली. किल्ली लावली.

"पेटी उघडू?" तिनं विचारलं. "तू एकटा बघून घे. कोणाला कळणार नाही."

लिओनीरनं पेटीच्या फळीवर हात ठेवला. दम खात उभा राहिला. आतून मला त्याच्या छातीतली शीळ ऐकू येत होती.

"सात झाली का?"

"दोनच."

"मग नको. सातच्या सात."

"लिओनीर, समज तोवर..."

"तर तू बघ आणि मला येऊन सांग. आपल्या घरात कोणीतरी सांगायला सुरुवात केली पाहिजे."

नेल्सीनं त्याच्या खांद्यावर कपाळ टेकलं. तिला मी कधी रडताना ऐकलं नव्हतं. मग तिनं कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी सण प्लॅस्टिकच्या फडफडाटात पार पडला. बिशपनी विचारलं, "खिडकीचं काय झालं?" फादर म्हणाले, "वाट बघतेय, महाराज." जेवणाच्या टेबलांवर ओलिव्हियोच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. भाजलेल्या मांसाचं ताट घेऊन जो तो त्याला वळसा घालून जात होता. माणसाला कायदा लाजवत नाही, रिकामी खुर्ची लाजवते, हे मी तेव्हा शिकलो.

मार्चच्या शेवटी सातव्या चाकाला पाणी लागलं आणि पंखे फिरले. नेल्सी स्वतः जाऊन एकेका चाकाजवळ उभी राहिली, बोटानं फळी पुसून बघितली, बोट नाकाजवळ धरलं. मग येऊन किल्ली फादरांच्या हातात दिली.

मला जागेवर बसवलं तो रविवार. सकाळी प्लॅस्टिक निघालं, आणि समोरच्या डोंगरामागून सूर्य वर आला.

माझ्या अकराही अंगांतून एकदम ऊन गेलं. चॅपेलच्या पांढऱ्या भिंतीवर आभाळ उतरलं, घोंगावणारं, मधाच्या रंगाचं, ठिकठिकाणी लाल वीज चमकवणारं; आणि त्याखाली बुरूज शांत उभा. मिस्सा सुरू करायचं कोणालाच सुचेना. गिटारवाला पोरगा तार लावता लावता थांबला. मी कोट्यवधी वर्षांचा आहे, भूकंप पाहिलेत. पण दोनशे माणसं एकाच वेळी श्वास घ्यायचं विसरतात, तशी शांतता मी ना जमिनीत ऐकली ना नंतर कधी.

लिओनीर पहिल्या बाकावर होता. शेजाऱ्यांनी त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्ची ठेवून टेकडीवर आणलं होतं. त्यानं मला वरपासून खालपर्यंत सावकाश पाहिलं. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते, आता हा काय म्हणतो.

"उजवीकडचा तिसरा," तो म्हणाला, "जाड राहिलाय."

चॅपेल खदखदून हसलं. झुसारा हसता हसता डोळे पुसायला लागली. "चार मिलिमीटरच आहे, सेउ लिओनीर!"

"साडेचार," तो म्हणाला, आणि खरं सांगतो, साडेचारच होता.

तो तीन रविवार आला. चौथ्या रविवारी नेल्सी एकटी आली, काळा पोशाख घालून, आणि त्याच बाकावर बसली.

याला आता सहा वर्षं झाली. ओलिव्हियोची पाटी लागली, ती लहानच आहे. एडविगेसचा मुलगा अजून चाकावर काम करतो, ओल्या हातांनी, आणि रविवारी खड्या आवाजात गातो. लांबून लोक मला बघायला येतात, फोन धरतात, "कसला रंग वापरलाय?" विचारतात. "काही नाही, नुसता दगड," कोणीतरी सांगतं, आणि ते पुन्हा वर बघतात.

तुमच्याही घरी कुठंतरी असा एखादा काप असेल, पेल्याखाली, कपाटात, भडक निळा केलेला. एवढंच मागणं आहे. त्याला एकदा उन्हाकडे धरा. आणि धरल्यावर, हा घासताना कोणाच्या नाकात पाणी मारलेली हवा गेली की कोरडी धूळ, एवढं मनात विचारा. दगडाला त्याचं उत्तर ठाऊक असतं, पण त्याला कोणी विचारत नाही.

बस, आता थांबतो. आज बुधवार, मिस्सा नाही. आमच्याकडे हिवाळा जुलैत येतो; दव गोठून गवत पांढरं पडलंय. दार वाजलं. नेल्सी आलीय. अशा दिवसांत ती येते, शाल लपेटून, आणि माझं ऊन जिथं पडतं त्या बाकाच्या टोकाला बसते. प्रार्थना करते की नाही मला माहीत नाही. ओठ हलताना दिसत नाहीत. ऊन सरकलं की तीही वीतभर सरकते, मग आणखी वीतभर, असं करत बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग उठून घरी जाते.

ढग बाजूला होतोय. ती बसली. आता मला काम आहे.